बाळंतिणीचा जीव आणि आपला हक्क

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या भगवंताला आपण शरण गेलो त्याच्या जन्माची कथा आपणांपैकी लहान मुलांनाही ठाऊक आहे. राणी महामायेचे दिवस भरत आले तेव्हा ती माहेरी, देवदहाला, जाण्यास निघाली. वाटेत लुंबिनी वनात तिला कळा सुरू झाल्या आणि शालवृक्षाखाली सिद्धार्थाचा जन्म झाला. येथवरची कथा आपण वैशाखी पौर्णिमेला आनंदाने सांगतो. पुढची कथा मात्र आपण घाईने उरकतो. बाळ सात दिवसांचे झाले आणि महामाया मरण पावली. तिच्या बहिणीने, महाप्रजापती गौतमीने, ते पोरके बाळ पदरात घेतले म्हणून ते वाढले.

राजाची राणी, दासदासींचा परिवार, पालखी आणि वैद्य. तरीही ती वाटेवर बाळंत झाली आणि आठवड्याच्या आत गेली. त्या काळी माणसाजवळ ज्ञानच नव्हते, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. परंतु आज ज्ञान आहे, औषध आहे, गाडी आहे, कायदा आहे. असे असता माहेरी निघालेली एखादी मजूर स्त्री जर आजही वाटेवर बाळंत होत असेल आणि बाळंतपणात मरत असेल, तर त्याचा दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण या विषयाचा अधिकार मला पुस्तकातून मिळालेला नाही. माझी आजी आपल्या गावची सुईण होती. रात्री-अपरात्री मोठ्या वाड्यांतून तिला बोलावणे येई. मूल जन्माला येईपर्यंत तिच्या हाताला विटाळ नव्हता. नाळ कापून झाली, जागा सारवून झाली, मळके कपडे ओढ्यावर धुऊन झाले, की तीच आजी पुन्हा अस्पृश्य होई. पायलीभर दाणे आणि एखादे जुने लुगडे तिच्या पदरात वरूनच टाकले जाई. ज्या मुलांना या जगात पहिला स्पर्श तिच्या हातांचा झाला, तीच मुले मोठी होऊन तिची सावली टाळीत.

१९७६ च्या पावसाळ्यात तिची स्वतःची थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, बाळंत झाली. मूल सुखरूप आले. परंतु वार पडेना आणि रक्त थांबेना. आजीला येत होते तेवढे सर्व तिने केले. शेवटी चौघांनी बाजेला दोर बांधले आणि पक्क्या रस्त्याची वाट धरली. मध्ये ओढ्याला पूर होता. पाणी उतरण्याची वाट पाहत असताना ओढ्याच्या अलीकडेच आत्या गेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. परंतु आजीच्या तोंडून हे मी अनेकदा ऐकले. ती म्हणे, “साऱ्या गावाची बाळंतपणं केली रे मी, अन् माझ्याच लेकीच्या वेळेला माझे हात रिकामे पडले.” गावाने तिचे समाधान केले, की सटवाईने पाचवीच्या आधीच तसे लिहून ठेवले असेल. आजी शाळेत गेलेली नव्हती. पण तिने ते मानले नाही. ती एवढेच म्हणाली, की ओढ्यावर पूल असता तर लेक वाचली असती.

बंधुभगिनींनो, मी वैद्य नाही, वकील आहे. कोणी मेले की कारण काय, आणि ते टाळता आले असते काय, हे दोन प्रश्न विचारण्याची वकिलाला सवय असते. आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा दैवावर हवाला ठेवण्याचे दास्य सोडले. सबब हे दोन प्रश्न विचारणे आता प्रत्येक नवदीक्षित घराचेही कर्तव्य झाले आहे.

कारणे काय आहेत? ती फार थोडी आहेत आणि सर्व ओळखता येण्यासारखी आहेत. पहिले, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. गर्भाशय आकसले नाही अथवा वार आत राहिली, तर धडधाकट बाईदेखील दोन तासांच्या आत दगावू शकते. दुसरे, रक्तदाब वाढून येणारे झटके. त्यांची पूर्वसूचना चेहऱ्यावर व हातांवर येणारी सूज, सतत दुखणारे डोके आणि डोळ्यांपुढे येणारी अंधारी यांनी मिळते. तिसरे, अस्वच्छ हातांनी वा साधनांनी होणारा जंतुसंसर्ग, ज्याचे चिन्ह ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव. चौथे, मूल आडवे असणे किंवा वाट अरुंद असणे, ज्यामुळे कळा बारा-बारा तास चालूनही सुटका होत नाही. आणि या चारही शत्रूंना घराचे दार आतून उघडून देणारा पाचवा शत्रू म्हणजे अंगात रक्त नसणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ४६ स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नसल्याचे आढळले. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला थोडा रक्तस्रावही पुरे होतो.

लेकरांचेही तसेच. पूर्वी जन्मलेले मूल आठवड्यात आकडी येऊन ताठ होई आणि मरे. लोक म्हणत, सटवाईने नेले. प्रत्यक्षात ते काम धनुर्वाताच्या जंतूंचे होते. गवत कापण्याच्या विळ्याने नाळ कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचे, म्हणजे त्या जंतूंना आमंत्रणच होते. आईला लस टोचली, नवे पाते वापरले, आणि नाळेला काही लावण्याचे सोडले, तेव्हा हा रोग हटला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य केले. ज्या ललाटरेषा पुसता येत नाहीत असे आपल्याला शिकविले होते, त्या एका सुईने आणि एका पात्याने पुसल्या गेल्या. याहून मोठा पुरावा तो कोणता हवा?

आता विटाळाविषयी बोलतो. शिवाशिवीचा विटाळ आपण सोडला. पण बाळंतिणीचा विटाळ आपल्या घरातून गेला काय? बाळंतिणीला अंधाऱ्या, धुराने भरलेल्या कोपऱ्यात टाकणे, तिचे अंथरूण जुन्या चिंध्यांचे करणे, पोट सुटेल म्हणून तिला पोटभर अन्न-पाणी न देणे, पहिला चीक घाण म्हणून पिळून टाकणे आणि बाळाला गुळपाणी चाटविणे, हे सर्व त्याच विटाळाचे अवशेष आहेत. ज्या समाजाने आपल्याला जन्मावरून अपवित्र ठरविले, त्यानेच जन्म देण्याच्या क्रियेलाही अपवित्र ठरविले. एक अपमान टाकून दुसरा घरात जपून ठेवणे आपल्याला शोभत नाही. बाळंतिणीची खोली घरातील सर्वांत उजेडाची व सर्वांत स्वच्छ असावी. तिच्या ताटात डाळ, भाजी, भाकरी, अंडी, दूध, जे घरात असेल ते प्रथम पडावे. बाळाला पुसून कोरडे करून लगेच आईच्या अंगाशी ठेवावे आणि पहिल्या तासातच अंगावर पाजावे. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे.

येथे आपल्या दोन तालुक्यांचा विचार करू. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर, कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावरची बागायत, ऊस, कांदा, टोमॅटो आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत आहुप्यासारखी गावे, डिंभे धरणाच्या पाण्यामुळे लांबलेल्या वाटा, आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या आहेत. आंबेगावात घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. जुन्नर तालुक्यात जुन्नर व नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. म्हणजे साधन अगदीच नाही असे नव्हे. तरी धोका उरतो, तो तीन विलंबांमुळे. पहिला विलंब घरात होतो: “सकाळपर्यंत पाहू”, “तिचा नवरा कामावरून येऊ दे”, “पैसे कोठून आणायचे”. दुसरा विलंब रस्त्यावर होतो: गाडी नाही, पूल नाही, दरड कोसळली. तिसरा विलंब दवाखान्याच्या दारात होतो: डॉक्टर नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही, पुढे घेऊन जा. माझ्या आत्याला पहिल्या दोन विलंबांनी मारले. आज पुष्कळ ठिकाणी तिसरा विलंबच मोठा झाला आहे.

पहिला विलंब तोडणे आपल्या हाती आहे. दुसरा आणि तिसरा तोडणे सरकारचे काम आहे. परंतु ते मागितल्यावाचून होत नाही. म्हणून आता हक्काकडे वळतो.

बाळंतिणीला विश्रांती मिळाली पाहिजे, हा विचार या देशाच्या कायद्यात आणण्यासाठी झगडणाऱ्यांत बाबासाहेब आंबेडकर होते, हे आपल्या लेकी-सुनांना सांगितले पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात रजा व वेतन देणारे बिल आले. त्यास पाठिंबा देताना बाबासाहेबांनी असे प्रतिपादन केले, की प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा मोठा भार सरकारनेच उचलला पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतरावच मोठे झाले. पोर जाण्याचे दुःख काय असते हे त्या घराला कोणी शिकवायला नको होते. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती-साहाय्याच्या कायद्यातील दुरुस्ती मध्यवर्ती कायदेमंडळात मांडली. आणि संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात, राज्याने कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती-साहाय्य यांची तरतूद करावी, असे स्पष्ट लिहिले गेले.

१९६१ च्या कायद्याने नोकरदार स्त्रीला प्रसूतीची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तिला स्थान मिळाले. परंतु कांदा काढणारी, टोमॅटो तोडणारी, कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणारी आपली बहीण या रजेच्या कक्षेबाहेरच राहिली. तिला नववा महिना लागला तरी हजेरी बुडवून चालत नाही. कचेरीतील स्त्रीला सहा महिने आणि फडातील स्त्रीला सहा दिवसही नाहीत, ही विषमता मोडण्याचे काम १९२८ पासून अपुरे राहिले आहे.

तरीही तिच्या पदरात आज कायद्याने काय पडते, ते ध्यानात ठेवा. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. तीत अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील स्त्रीला दवाखान्यात बाळंत झाल्यावर रोख साहाय्य मिळते. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, तपासणी, रक्त, जेवण आणि घरून नेणे-आणणे हे सर्व विनामूल्य आहे. औषध बाहेरून आणावयास सांगितले तर ते हक्काचे उल्लंघन आहे, हे निक्षून सांगा. १०८ व १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ तिच्या मर्जीची एक सोबतीण राहू देण्याची सूचना काढली. सबब दवाखान्यात आमच्या लेकीला एकटी टाकून तिच्यावर कोणी ओरडत असेल, तिची जात काढीत असेल, तर ते मुकाट्याने सोसण्याचे कारण उरलेले नाही. आदिवासी गावांत अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण आहे.

आणखी एक मुद्दा वकील म्हणून मांडतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचे प्रसूती-साहाय्य सांगितले आहे. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये मिळतात. कायद्याने जे दिले ते योजनेने आखडते घेतले. जे मिळते ते आशा सेविकेकडून अर्ज भरून वेळेत घ्या. आणि जे उरले ते मागत राहा.

कोणी म्हणेल, दवाखान्याने दारातून परत पाठविले तर गरिबाने काय करावे? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका मजुराच्या प्रकरणात ठरविले, की तातडीचा उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणे म्हणजे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे दोन गरीब स्त्रियांची प्रकरणे आली. एक बाळंतपणात वारली होती. दुसरी बेघर होती, ती देशाच्या राजधानीत झाडाखाली बाळंत झाली होती. पुन्हा झाडाखाली, बंधुभगिनींनो! परंतु या वेळी न्यायालयाने ते दैव मानले नाही. सुरक्षित मातृत्व हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून त्याने नुकसानभरपाईचा आदेश दिला. हे निवाडे आपल्या खिशात असले पाहिजेत.

हक्क मागताना हातही तयार केले पाहिजेत. पुण्यातच १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाचे घर उघडले आणि सावित्रीमाईंनी तेथे स्वतः शुश्रूषा केली. शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत आपल्यासारख्या वस्त्यांतील बायाही होत्या. श्रीलंकेचे उदाहरण तर आपण अवश्य ऐकावे. १९३० च्या सुमारास तेथे लाख जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता मरत. त्या देशाने गावोगाव प्रशिक्षित सुईणी नेमल्या, त्यांना सरकारी पगार व मान दिला, त्यांच्या पाठीशी दवाखाने उभे केले. आज ती संख्या तिसाच्या आसपास आहे. तो देश श्रीमंत झाला आणि मग माता वाचल्या असे झाले नाही. गरीब असतानाच त्याने हे केले. आपल्या महाराष्ट्रातही २०१८-२० मध्ये हे प्रमाण लाख जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले होते आणि शंभरांतील सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आहेत. मात्र उरलेल्या पाच बाया कोणत्या वाडीत राहतात, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही.

माझ्या आजीच्या हातात कसब होते, धीर होता, माया होती. तिच्या हातात औषध नव्हते, शिक्षण नव्हते आणि पाठीशी दवाखाना नव्हता. म्हणून मी आपणांस विनंती करतो, की आपल्या हुशार मुलींना परिचारिकेच्या आणि प्रसूतिविद्येच्या शिक्षणाला पाठवा. आज्यांनी जे काम बलुत्याच्या दाण्यांवर आणि अपमानावर केले, ते नातींनी प्रमाणपत्राने, पगाराने आणि मानाने करावे. वस्तीतील म्हाताऱ्या सुईणींचा उपहास करू नका. त्यांना बाळंतिणीची सोबतीण म्हणून दवाखान्यात घेऊन जा. त्यांच्या धीराची तेथेही गरज आहे.

शेवटी, प्रत्येक घराने आज पाच गोष्टींचा निश्चय करावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मुलीचे लग्न नाही, आणि दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांचे अंतर. दिवस राहिले की तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदणी, वेळोवेळी रक्त व रक्तदाब यांची तपासणी, लोहाच्या गोळ्या रोज. सातव्या महिन्यातच कोणत्या दवाखान्यात जायचे, तेथे शस्त्रक्रिया व रक्ताची सोय आहे काय, गाडी कोणाची, पैसे कोठले, रक्त कोण देणार, हे ठरवून ठेवणे. पश्चिमेच्या वाड्यांतील बाईला पावसाळ्यात दिवस भरण्यापूर्वीच रस्त्याकडेच्या गावी नातलगांकडे आणून ठेवणे. आणि रक्तस्राव, झटका, ताप, डोकेदुखी-सूज, लांबलेल्या कळा किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच कोणाची परवानगी न विचारता निघणे. शेवटचा निर्णय घेण्याचा अधिकार त्या बाईला आणि तिच्याजवळ असलेल्या बाईला द्या. पुरुष घरी येईपर्यंत रक्त थांबत नाही.

याच जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० साली गरोदर जिजाबाईंना धामधुमीच्या काळात सुरक्षित जागा म्हणून ठेवण्यात आले होते. जहागिरदाराच्या पत्नीला किल्ला मिळाला. आपल्या मजूर बहिणीला किल्ला नको. तिला ओढ्यावर पूल, दारात गाडी, दवाखान्यात शिकलेले हात आणि घरी चार महिन्यांचा विसावा हवा. तेवढे मिळविणे हेच आपल्या धम्मदीक्षेचे घरातले रूप आहे.

माझ्या आत्याचे ते बाळ जगले. आजीने त्याला वाढविले. आज तो पन्नाशीत आहे, आणि त्याच्या सुनेला सहावा महिना आहे. त्या ओढ्यावर आता पूल झाला आहे. येत्या ९ तारखेला तो स्वतः सुनेला घेऊन तपासणीला जाणार आहे. आपणही आपापल्या लेकी-सुनांना घेऊन तेथे यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!